षड्ज कुठवर पोचतो

गाणं सुरू होऊन पंधराएक मिनिटं झाली असतील. टिळकवाडीतलं दीडशे माणसांचं सभागृह, डिसेंबरची संध्याकाळ, शुद्ध कल्याणचा विलंबित ख्याल. बाई मंद्र पंचमावरून सावकाश वर आल्या, षड्जावर, म्हणजे 'सा'वर, आवाज ठेवला आणि तो स्वर थरथरायला लागला. गळा स्थिर होता, तंबोरेही नीट जुळलेले होते. थरथर होती ती स्पीकरमधून येणाऱ्या आवाजात. तिसऱ्या ओळीतले एक आजोबा हळूच म्हणाले, "पंखा बंद करा की हो, आवाज हलूलाय बगा." संयोजकांनी माईकवाल्याला हात केला. माईकवाल्याला वाटलं, मागे ऐकू जात नसेल, म्हणून त्याने आवाज वाढवला. पंखे फिरत राहिले आणि थरथर वाढली. शेवटी बाईंनीच माईक हाताने बाजूला सारला आणि पुढची तीन-चार आवर्तनं तशाच गायल्या. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं पोचत होतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेची सुरुवात पोचत होती, तिचा शेवटही पोचत होता. लोक जरा पुढे झुकून बसले, इतकंच. तेवढ्यात कुणीतरी लगबगीने मंचावर जाऊन माईक पुन्हा तोंडासमोर आणून ठेवला.

का ठेवला, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

थरथरीचं कारण तसं साधं आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. माईकच्या आणि दिव्यांच्या वायरी एकत्र गुंडाळून नेल्या, किंवा सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर मंचाजवळच्या बोर्डावर आणि अँप्लिफायर बाहेरच्या खोलीतल्या बोर्डावर लावला, की अर्थिंगच्या दोन वाटा तयार होतात आणि स्पीकरमधून 50 आणि 100 हर्ट्झचा घुमारा येत राहतो. दिवे मंद करायचे जुने डिमर असले तर त्यात भरच. आता हे 100 हर्ट्झ सुरांत कुठे पडतात ते बघावं. पेटीवरच्या खालच्या सप्तकातली पांढरी पाच ही पट्टी 98 हर्ट्झ, काळी चार जवळपास 104. विजेचा सूर या दोन्हींच्या मधे, कुणाचाच नसलेला. काळी चारला, म्हणजे ती पट्टी 'सा' धरून, गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याचा खरज (खालच्या 'सा'ची तार) 104 ला लावलेला असतो, त्याच्या खाली विजेचे 100 घुमत असतात, आणि दोघांमध्ये सेकंदाला चार झोके पडतात, म्हणजे आवाज चारदा वाढतो-कमी होतो. जोडीच्या तारांशी 200 हर्ट्झचा संघर्ष त्याच्या दुपटीने जलद. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचीही यातून सुटका नाही, कारण त्याच्या तंबोऱ्याची पंचमाची तार नेमकी त्या 104 वरच असते. ऐकणाऱ्याला यातलं काही कळायची गरज नाही. त्याला फक्त गाणं कुठेतरी टेकत नाहीये, एवढं जाणवतं, आणि बहुतेक वेळा तो दोष गाणाऱ्याच्या खात्यावर टाकून घरी जातो. यावर उपाय फुकटचा आहे: मिक्सर, अँप्लिफायर आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा एकाच बोर्डावरून घ्यायचे, माईकला तीन पिनांच्या बॅलन्स्ड वायरी लावायच्या, आणि त्यांना दिव्यांच्या वायरी ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडायच्या, शेजारून समांतर न्यायच्या नाहीत.

पंख्यांचं दुखणं वेगळं. आजोबांनी पंख्याला दोष दिला तो त्या थरथरीपुरता चुकीचा असेल, पण एकूणात बरोबरच होता. छताचे सहा पंखे जोरात फिरत असले की रिकाम्या खोलीतही 45 ते 50 डेसिबलचा गलका असतो. संगीतासाठी बांधलेल्या चांगल्या सभागृहात हाच आकडा 25 च्या आसपास ठेवतात. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे पंख्याखालचा गायक आपली शांतता गमावूनच सुरुवात करतो. तंबोऱ्याच्या जवारीतून, म्हणजे तारेच्या घोडीला होणाऱ्या नाजूक स्पर्शातून, निघणारे बारीक वरचे सूर या गलक्यात आधी बुडतात, मग स्वराच्या कडा बुडतात, आणि शेवटी उरतो तो नुसता आवाज. तो वाढवावा लागतो आणि वाढवता वाढवता माईक शिट्टी मारतो.

हे सगळं बेळगावात बसून लिहिताना जास्त टोचतं, कारण ज्या गाण्याला शांतता लागते ते गाणं याच पट्ट्यातून उठलं. सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. तिथे 1924 साली कुमार गंधर्व जन्मले. खाली कुंदगोळात सवाई गंधर्वांचं गाव. गंगूबाई हनगल शिकवणीसाठी हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जात, भीमसेन जोशी तिथेच राहून शिकले. वर मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य, आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात आजही त्यांच्या नावाने होणारी गाण्याची सभा. याच मिरजेत मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याची एकेका स्वराची सावकाश बढत वाड्याच्या सोप्यात, दर्ग्याच्या आवारात, सावकाराच्या माडीवर वाढली. तिथे माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसायची, छत लाकडी तुळयांचं, भिंती मातीच्या, समोर उघडा चौक. मातीची भिंत थोडा आवाज पिते, लाकडी छत खालच्या सुरांना थोडं सैल करतं, चौकातून जास्तीचा आवाज निघून जातो. कुणी हिशोब करून बांधलं नव्हतं, पण हिशोब जुळलेला होता.

हिशोब जुळतो कसा, हे सांगणारा माणूस खूप लांबचा. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नव्हतं. शब्दावर शब्द चढायचे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवायला सुरुवात केली, दर वेळी गाद्या वाढवायचा, ऑर्गनच्या नळीचा सूर वाजवून बंद करायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. पहाटे गाद्या परत. त्यातून निघालेलं सूत्र आजही कामी येतं: सभागृहाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, 0.161 ने गुणा, आणि आवाज पिणाऱ्या एकूण क्षेत्रफळाने भागा. उत्तर येतं ते घुमाऱ्याचे, म्हणजे आवाज विरायला लागणारे सेकंद. या हिशोबावर उभं राहिलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल 1900 मध्ये सुरू झालं आणि अजूनही जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं.

आपल्याकडच्या एखाद्या सभागृहावर हे लावून पाहू. पंधरा मीटर लांब, दहा रुंद, साडेचार उंच. बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठेही सापडेल असं. घनफळ 675. फरशी, छत आणि भिंती मिळून 525 चौरस मीटर, सगळं प्लास्टर आणि टाइल्स. असे पृष्ठभाग आवाजाचा शंभरातला तीनएक हिस्साच पितात, म्हणजे हिशोबात फक्त 16 चौरस मीटर. घुमारा कागदावर निघतो जवळपास सात सेकंद. दारं-खिडक्या आणि खुर्च्या धरून प्रत्यक्षात तो त्याच्या निम्म्यावर येईल, तरी गाण्याच्या कामाचा नाही. आता त्या कागदावरच्याच हिशोबात माणसं आत घेऊ. बसलेलं एक माणूस साधारण 0.45 चौरस मीटरइतका आवाज पितं. दोनशे माणसं आली की 90 चौरस मीटरची भर पडते आणि घुमारा एका सेकंदावर येतो. शंभरच आली तर पावणेदोन सेकंद. तेच सभागृह, तोच गायक, आणि गाणं मात्र दोन वेगळ्या ठिकाणचं. बोलण्यासाठी एका सेकंदाच्या आत असलेलं बरं, पाश्चात्त्य सिंफनीला दोनच्या आसपास लागतं, आणि ख्यालाला माझ्या मते सव्वा सेकंदाच्या मागेपुढे. त्याहून कमी झालं की स्वर सोडल्याबरोबर मरतो आणि गायक जोर लावायला लागतो. जास्त झालं की द्रुत तान चिखलात जाते आणि तबल्याचे बोल एकमेकांवर पडतात.

म्हणून दुपारी तीन वाजता रिकाम्या सभागृहात केलेली साऊंड टेस्ट संध्याकाळी काही कामाची नसते.

मुंबईची सभागृहं हा बेळगावकरांच्या गप्पांतला जुना विषय. रात्री बसमध्ये बसायचं, सकाळी सायनला उतरायचं, संध्याकाळी गाणं ऐकून पुन्हा बस पकडायची, असं करणारी मंडळी टिळकवाडीत आणि शहापुरात आजही आहेत. त्यांच्या तोंडून सभागृहांची वर्णनं ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. ते खुर्च्या किती मऊ होत्या हे सांगत नाहीत. तबल्याच्या जोडीतला बाया (डग्गा) कसा ऐकू आला ते सांगतात.

सायनला उतरलं की षण्मुखानंद जवळच. 1963 साली उभं राहिलं, 1990 मध्ये आगीत गेलं, पुन्हा बांधून 1998 मध्ये उघडलं. आज 2763 जागा. एवढ्या मोठ्या ठिकाणी माईकशिवाय गाणं हा विचारच सोडून द्यायला हवा, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मग तिथला खरा साथीदार मिक्सरवर बसलेला माणूस असतो. अशा सभागृहात मागच्या बाल्कनीत बसणाऱ्याला मंचावरचा आवाज आणि जवळच्या स्पीकरचा आवाज वेगवेगळ्या वेळी मिळतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 40 मीटर पार करायला त्याला 118 मिलिसेकंद लागतात, तर वायरीतला सिग्नल तत्क्षणी पोचतो. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर जाणूनबुजून दिला नाही, तर तबल्याची एक थाप दोनदा ऐकू येते. उशीर नेमका दिला, वर पाच-दहा मिलिसेकंद आणखी घातले, की कानाला सगळं मंचावरूनच येतंय असं वाटतं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मांडवातही हेच गणित असतं. हे जमलेलं असतं तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि ते काम करणाऱ्याला कुणी हार घालत नाही, हे मला फार खटकतं.

नरिमन पॉइंटला एनसीपीए या राष्ट्रीय कलाकेंद्राचं टाटा थिएटर अगदी उलट विचाराचं. 1980 साली सुरू झालं, जागा 1010. फिलिप जॉन्सन वास्तुविशारद, ध्वनीची जबाबदारी सिरिल हॅरिस यांची, आणि केंद्राचे संस्थापक जमशेद भाभांचा आग्रह असा की भारतीय गायक-वादकाला माईक लागता कामा नये, श्रोता त्याच्या जवळ असला पाहिजे. त्यासाठी सभागृह मंचाकडे निमुळतं ठेवलं आणि मागे रुंदावत नेलं. या आकारात शेवटची रांगही मंचापासून फार लांब जात नाही. लांबट खोक्याच्या आकारात तेवढीच माणसं बसवायची तर मागे मागे जावं लागतं. याची किंमतही आहे. भिंती बाहेर पसरत गेल्या की बाजूने कानावर येणारं परावर्तन कमी होतं, आणि सुरांनी वेढल्यासारखं वाटतं ते बाजूच्या परावर्तनामुळेच. बोस्टनचं अरुंद लांबट हॉल त्यासाठीच नावाजतात. पण ख्यालाला वेढा नको, जवळीक हवी. समोर बसलेल्या माणसाचा श्वास कळला पाहिजे. त्यामुळे त्यांनी निवडलं ते योग्यच निवडलं, असं मला ठामपणे वाटतं. त्याच आवारातलं जमशेद भाभा थिएटर 1999 चं. बांधकाम चालू असतानाच 1997 मध्ये तिथे आग लागली होती. ते ऑपेरा आणि वाद्यवृंदासाठी, 1109 जागांचं. तिथे एकल गायक बसला की मंचच त्याच्यासाठी मोठा पडतो.

टाटा थिएटरमध्येही आता माईक दिसतो. गायकाला आपला आवाज मॉनिटरमधून, म्हणजे मंचावर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, ऐकायची सवय झालेली असते, आणि मॉनिटर बंद असला की त्याला आपण एकटे पडलो असं वाटतं. हा दोष सभागृहाचा नव्हे, सवयीचा. माईकच्या आधीच्या काळात गळा वेगळ्या तऱ्हेने कमावला जाई. अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी 1880 मध्ये संगीत नाटक उभं केलं तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत पद पोचवायला गळ्याखेरीज काही नव्हतं. कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो 3000 हर्ट्झच्या आसपास. टोकदार, उंच लावलेला आवाज त्या पट्ट्यात भरपूर असतो आणि सारंगी-ऑर्गनच्या वरून निघून जातो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज तर बारीक आणि हळुवार होता, जोरकस मुळीच नव्हता, तरी तो पोचायचा, कारण समोर शांतता होती आणि सुराला धार होती. माईक आल्यावर गळ्याची ती गरज संपली. मंद्रातला खोल, मऊ आवाज सभागृहात आणता आला, हाही मोठाच लाभ झाला. गेलं ते भलं होतं की आलं ते, याचा निवाडा माझ्याच्याने होत नाही.

गिरगावच्या बाजूला रॉयल ऑपेरा हाऊस. 1911 मध्ये उद्घाटन, पुढे सिनेमागृह, 1993 ला बंद, आणि आभा नारायण लांबांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर 2016 ला पुन्हा सुरू. जागा 575. सोनेरी रंगातली ती प्लास्टरची नक्षी, बाल्कन्यांच्या कडा, सज्जे, हे सगळं नुसतं शोभेचं नसतं. गुळगुळीत भिंत आवाज आरशासारखा परत फेकते. उठावाची नक्षी त्याचे तुकडे करून पसरवते, त्यामुळे कुठल्याही एका खुर्चीवर आवाज आदळत नाही. याच परिसरात देवधर मास्तरांचं संगीत विद्यालय होतं, आणि सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, लहान वयात तिथेच येऊन शिकला. 1936 मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधल्या परिषदेत तो अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि शहर चकित झालं. जवळच लक्ष्मी बाग, जिथे गादी-तक्क्याच्या बैठकी व्हायच्या. मुंबईत मोठी सभागृहं आहेत म्हणून मुंबई गाण्याचं शहर झालं, असं आपण समजतो. पण लक्ष्मी बागेसारख्या छोट्या जागा आधी होत्या. कान तिथे तयार झाले.

दादरचं शिवाजी मंदिर आणि तत्सम नाट्यगृहांबद्दल थोडक्यातच सांगतो: ती बोलण्यासाठी आहेत, संवाद स्पष्ट यावा म्हणून कोरडी. तिथे गाणं ठेवलं तर थोडा कृत्रिम घुमारा द्यावा लागतो, नाहीतर तंबोरा बाजूच्या पडद्यांतच जिरतो.

आमच्या बाजूला खरं मोठं घर होतं ते कोल्हापूरचं. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, 1915 चं, पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाचं. बेळगावहून दोन-अडीच तासांत पोचता यायचं, त्यामुळे संकेश्वर-चिकोडीकडची माणसंही नाटका-गाण्याला तिथे जात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. त्या बातमीने सीमाभागातल्या कितीतरी घरांत त्या रात्री जेवण गेलं नाही. पुनर्बांधणीच्या बातम्यांमध्ये खुर्च्या, वातानुकूलन, अग्निशमन यांचा उल्लेख वाचायला मिळतो, आणि आगीनंतर ते हवंच. पण जुन्या मंचाखाली लाकूड आणि पोकळी असे. लाकडी मंचावर पेटी, तबला, तंबोरा ठेवला की मंचही थोडा बोलतो. काँक्रीटच्या ओट्यावर फळ्या ठोकल्या की बोलत नाही. नव्या इमारतीत जुन्या सभागृहाचा कान कुणी मोजून ठेवला असेल का, असं सारखं मनात येतं.

बेळगावात आपल्यापाशी काय आहे? लोकमान्य रंगमंदिर आहे, कुमार गंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर आहे, गोगटे रंगमंदिर आहे, वरेरकर नाट्य संघ आहे, शहापुरातल्या सरस्वती वाचनालयासारख्या वाचनालयांच्या जागा आहेत, आणि बाकी मग मंगल कार्यालयं. या शहराने पेटीसाठी रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांच्यासारखा गुरू दिला, ज्यांनी घरातल्या खोलीत पिढ्या घडवल्या. श्रोता कमी नाही. यातल्या कुठल्याही जागेला नावं ठेवायची नाहीत. लग्न, भाषण, शाळेचं स्नेहसंमेलन आणि बैठक, सगळं एकाच छताखाली करायचं म्हटलं की छत एकाच्याच सोयीचं असतं. पण बैठकीच्या दिवसापुरतं छत आपल्या बाजूला वळवता येतं, आणि ते फार खर्चाचं नाही.

मला स्वतःला वाचनालयाची जागा सर्वांत आवडते. भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं असतात. पुस्तकांचे मागेपुढे झालेले कणे आवाज पसरवतात, कागद थोडा पितो, आणि दोन समांतर भिंतींमध्ये टाळी वाजवल्यावर जी 'टर्रर्र' ऐकू येते ती तिथे येत नाही. कपाटांना काचेची दारं असली तर ती उघडी ठेवावीत. बंद काच ही भिंतच. मंगल कार्यालयात मात्र ती टर्रर्र हमखास असते. तिथे बाजूच्या एका तरी भिंतीवर जाड पडदा सोडावा. नुसता ताणून लावलेला पातळ पडदा फक्त वरचे सूर खातो, मग जवारी मरते आणि बाया मात्र तसाच घुमत राहतो. हे बिनपडद्याच्या सभागृहाहून वाईट. पडदा जाड हवा, भिंतीच्या दुप्पट रुंदीचा, चुण्या पडतील असा, आणि भिंतीपासून चार ते सहा इंच सुटा. खालच्या सुरांना पडद्याचा काही उपयोग नाही, कारण 100 हर्ट्झची एक लाट साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते. त्यासाठी कायमची सोय करायची असेल तर मागच्या भिंतीला पातळ प्लायवूडचे पत्रे, मागे दोन-तीन इंच पोकळी सोडून, पोकळीत ग्लासवूल भरून लावावेत. सभागृह वीस मीटर लांब असेल तर मागची भिंत आधी हाती घ्यावी. तिच्यावर आपटून परत आलेली थाप गायकाला एका अष्टमांश सेकंदाने ऐकू येते आणि तबलजीची लय हलते.

बसायची व्यवस्था सतरंजीची असेल तर मंच दीड फूट पुरे. खुर्च्या असतील तर अडीच ते तीन. डोक्यांच्या पातळीवरून सरपटत जाणारा आवाज प्रत्येक रांगेत थोडा थोडा खर्च होतो. गायक वर बसला, की तो वरून जातो. बेळगावच्या पावसाचं वेगळं सांगायला नको. पत्र्याच्या छताखाली जुलै-ऑगस्टमध्ये बैठक ठेवू नये, आणि ठेवलीच तर तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, हवेतल्या ओलीने सैल होऊन सुरात उतरते, दर दोन बंदिशींनंतर हातोडी लागते, हे धरूनच वेळ आखावी. वातानुकूलित सभागृहात उलट घडतं: कोरड्या गार हवेत पुडी चढते, तंबोऱ्याची पोलादी तारही थंडीने आखडून चढते. तंबोरे पाहुण्यांच्या खोलीत जुळवून आयत्या वेळी मंचावर आणले तर पहिल्या दहा मिनिटांत हलणारच. अर्धा-पाऊण तास आधी ते मंचावर, त्याच दिव्यांखाली, त्याच हवेत ठेवावेत आणि तिथेच लावावेत.

माईकवाल्याशी आधी बोलावं, आणि आदराने बोलावं. तो लग्नाचं आणि गणपतीचं सामान घेऊन येतो, दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर. बेस मुळात आणूच नका म्हणून सांगावं. टॉप सात-आठ फुटांवर चढवून, जरा खाली झुकवून, श्रोत्यांच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्याकडे तोंड करून ठेवावेत. पुढच्यांना गायक तसाही ऐकू येतो. गळ्याच्या माईकला 80 ते 100 हर्ट्झखालचं कापावं, बायाच्या माईकला कापू नये. गळ्याचा माईक तोंडापासून एक वीत, किंचित खाली. तबल्याला दोन, पेटीला एक, तंबोऱ्याला घोडीजवळ एक. यापुढे माईक वाढवू नयेत, कारण उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी न येता मिळणारा आवाज तीन डेसिबलने घटतो. 'इको'चं बटण शून्यावर. मॉनिटरमध्ये फक्त तंबोरा आणि थोडा गळा. गायकाने तबला मागितला तर मॉनिटर जवळ सरकवावा, आवाज वाढवू नये. आणि हे सगळं लावून झाल्यावर वीस-पंचवीस माणसांना आत बोलावून, दारं बंद करून, पंखे थांबवून, बिनामाईकचा एक षड्ज लावून घ्यावा. कुणीतरी शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकावं. दीडशे माणसांच्या जागेत तो स्वच्छ पोचत असेल तर माईक फक्त तंबोऱ्याला ठेवून कार्यक्रम करायची हिंमत संयोजकांनी करावी. गायकाला ते आदल्या दिवशी कळवावं, मंचावर बसल्यावर नव्हे. बहुतेक जण आनंदाने तयार होतात.

पंखे मात्र थांबवायचेच. लोक घामेजतात ही अडचण खरी आहे, म्हणून बैठक डिसेंबर-जानेवारीत घ्यावी, सकाळी सातला किंवा रात्री नऊनंतर, दोन्ही बाजूंच्या खिडक्या तासभर आधी उघड्या टाकून हवा खेळवावी आणि गाणं सुरू होताना रस्त्याकडच्या तेवढ्या बंद कराव्यात. विश्रांतीत पुन्हा उघडाव्यात. चहाची भांडी मागच्या दाराबाहेर धुवायला लावावीत. आणि कार्यालयाची तारीख घेताना, भाडं ठरवायच्या आधी, त्याच दिवशी खालच्या हॉलमध्ये किंवा समोरच्या लॉनवर लग्न आहे का, वरात किती वाजता निघणार, हे विचारून घ्यावं. असेल तर दुसरी तारीख मागावी.